गेलं कुठं दोन सीसीचं इंजिन?

१

खंडेनवमीच्या सकाळी साडेनऊ वाजता सिद्धोधननं लाल गाडीचं टप उचललं आणि तो टप हातात धरून तसाच उभा राहिला. आत सगळं जागच्या जागी होतं. चार चाकं, चार शॉकअप, इंधनाची इवलीशी टाकी, वळणदार सायलेन्सर. फक्त इंजिन नव्हतं. ते जिथं बसायचं तिथं चार भोकं होती आणि शेजारी चार स्क्रू पडले होते.

ही गाडी खेळण्यातली नव्हे. हातभर लांब आणि रिमोटवर चालणारी असली, तरी तिच्या पोटात खरं इंजिन होतं, खरा धूर होता आणि आवाज असा की सेलूच्या स्टेशनावर थांबलेली माणसं उगीच रुळाकडं बघायची. दिनकररावांच्या जिनिंगचं सिमेंटचं आवार कापूस येईपर्यंत रिकामं असे, तिथं या गाड्या पळत. उद्या दसरा. मग मुहूर्ताचा कापूस आला की आवार उन्हाळ्यापर्यंत गेलंच. म्हणून आज चार वाजताची शर्यत ही मोसमातली शेवटची, आणि तीही गंगाखेडकरांशी. गंगाखेडकर मागच्या वर्षी हरून गेले होते आणि ते विसरले नव्हते.

"मामा! इंजिन गेलं!" हरिओम ओरडला. हा दिनकररावांचा भाचा. त्याचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि आवाज कारखान्याच्या भोंग्याचा. "काल राती ह्या खोलीला कुलूप कुणी लावलं?"

कुलूप सिद्धोधननं लावलं होतं. त्याचं गावात पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. गेली चार वर्षं गाडी दिनकररावांची आणि हात सिद्धोधनचा, असा कारभार होता.

"कुलूप तुटलेलं न्हाई. इंजिन सोडवणं काय कुणाबी येड्याचं काम हाय? ज्याला येतं त्यानंच काढलं." हरिओमनं जमलेल्या दहा-बारा माणसांवरून नजर फिरवली. "चार वाजेपर्यंत इंजिन आलं तर बरं. न्हाई तर त्या माणसानं ह्या आवारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

सिद्धोधननं दिनकररावांकडं पाहिलं. दिनकरराव पत्र्याच्या छताकडं पाहत होते.

२

सिद्धोधनची बायको धम्मशीला घरी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. दुसऱ्या दिवशी विहारात कार्यक्रम होता आणि पंगतीला वाढायचं काम सिद्धोधनकडं होतं. तो आला, चप्पल न काढताच खुर्चीत बसला आणि झालेलं सगळं त्यानं सहा वाक्यांत सांगून टाकलं.

"मी भावाकडं पुण्याला जातो कामाला," सातवं वाक्य असं होतं. "इथं आता तोंड कुठं दाखवू?"

खरं म्हणजे धम्मशीलाला त्या गाडीचा मनापासून राग होता. तिच्यापायी रविवार गेले, तिच्या तेलापायी चार चांगले शर्ट गेले. पण राग हा घरातला मामला. बाहेरच्यानं नवऱ्याला चोर म्हणावं आणि उद्या त्यानं त्याच हातांनी पंगतीत वरण वाढावं, लोकांनी ताटाकडं न बघता हाताकडं बघावं, हे तिला सहन होणार नव्हतं. तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं सहायक होती. तुटलेली ब्युरेट कुणी तोडली हे शोधून काढणं हे तिथलं तिचं खरं काम. पोरं म्हणत, आपोआप तुटली. बावीस वर्षांत एकही ब्युरेट आपोआप तुटलेली नव्हती.

"चला," ती म्हणाली. "आणि वाटंनं मला सांगा, त्या इंजिनात असं हाय काय?"

हा प्रश्न लग्नानंतर तिनं पहिल्यांदाच विचारला होता. सिद्धोधनची कळी एवढ्या दुःखातही खुलली.

भांडण अर्ध्या सीसीचं होतं. हरिओमला अडीच सीसीचं इंजिन बसवायचं होतं, सिद्धोधनला दोनचं. दोन महिने वाद चालला. "आपल्या आवारात वळणं बारा, आन् सरळ रस्ता चाळीस पावलांचा," सिद्धोधन हातवारे करत सांगू लागला. "मोठं इंजिन त्या चाळीस पावलांत वाघ. पण वजन मागं पडतं, वळणावर शेपूट फिरतं. बारक्या इंजिनाला मी मागच्या स्प्रिंगा मऊ टाकल्या, शॉकअपमधी पातळ तेल भरलं, पुढची चाकं वरून जराशी आत कलवली. समदं त्याच इंजिनाच्या वजनावर बेतलेलं हाय, शीला. दुसरं बसवलं की गाडी परकी होती."

"हेच तर दिनकरराव सांगत असतात समद्यांना."

"त्यांना मीच सांगितलं," सिद्धोधन म्हणाला.

३

वजनकाट्याच्या खोलीत सकाळीच पूजा मांडलेली होती. दिनकररावांच्या पत्नी मालनबाईंनी जिनिंगमधलं सगळं लोखंड तिथं आणलं होतं. जुनी मापं, गाठी ओढायचे आकडे, पाने, पकडी. प्रत्येकावर हळदकुंकू, अक्षता. कोपऱ्यात सर्वांत मोठ्या मापाजवळ झेंडूचा भलाथोरला ढीग. गाडी मात्र टेबलावर एकटी, तिच्यावर कुंकवाचं बोटसुद्धा नव्हतं.

"काकू, गाडीवर एवढा कामून राग?" धम्मशीलानं विचारलं.

"माझा कुठला राग बाई! ह्यांचाच हुकूम. पूजेत मांडलेली वस्तू उद्यापर्यंत हलवायची न्हाई ना. मग दुपारी पळवता काय, मला म्हणाले. म्हणून तिला बिचारीला सोडलं." मालनबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "सकाळी घरच्या किल्लीनं मीच कुलूप काढलं. सात वाजता पूजा आटपली, कडी घालून मी घरी गेले. कुलूप काय लावायचं, देवाचं काम. फुलं तर मेली पुरलीच न्हाईत. एकेका मापावर एकेकच वाहिलं."

धम्मशीलानं मापांकडं पाहिलं. एकाही मापावर फूल नव्हतं. तिनं गाडीकडं मोर्चा वळवला.

टेबलावरून जमिनीपर्यंत निळं इंधन सांडून वाळलं होतं. हे नायट्रो तिला वासानंच ओळखू यायचं, कारण त्यात एरंडेल असतं आणि तिच्या सासूबाईंनी तिला बाळंतपणात भरपूर पाजलं होतं. शेजारी ताटलीत इंजिनाचा एअर फिल्टर होता, काळ्या स्पंजाचा. "काल राती तेल लावून निथळत ठेवला," सिद्धोधन म्हणाला. "सकाळी बसवणार होतो."

"म्हणजे राती इंजिनाचं तोंड उघडं होतं?"

"व्हय. पण खोली बंद होती. धूळ यायची भीती न्हाई."

तिनं चष्मा कपाळावर चढवला आणि गाडीच्या पोटात नाक घातलं. तेलकट कोपऱ्यात काहीतरी चिकटलं होतं. तिनं केसातली पिन काढून ते उचललं. तांदळाचा दाणा, लालबुंद.

मग तिनं चार स्क्रू तळहातावर घेतले. त्यांच्या डोक्यात सहा कोनांचे बारीक खळगे होते आणि चारही खळगे आतून लाल होते.

"अहो," तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "तुमी हे स्क्रू कशानं सोडवता?"

सिद्धोधननं कमरेची किल्ल्यांची जुडी काढली. घराची किल्ली, दुकानाची किल्ली आणि झिजून चकचकीत झालेली एक एलन चावी. ती अगदी स्वच्छ होती. धम्मशीला पूजेकडं वळली, आणि तिथं काहीतरी दिसलं तसा तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला.

४

पण ती ते कुणाला बोलली नाही. आधी तिनं संशयितांना जिनिंगच्या ऑफिसात चहाला बसवलं.

चंद्रभान हा गंगाखेडच्या टीमचा म्होरक्या, साखर कारखान्यात फिटर. तो सकाळच्या गाडीनंच येऊन आवारात फिरत होता, वळणं पावलांनी मोजत होता. त्याच्यावर शक घ्यायला कुणालाही आवडलं असतं, अगदी त्याला स्वतःलासुद्धा.

"ताई, मी चोरलं असतं तर गाडीच नेली असती," तो बशीत फुंकर मारत म्हणाला. "नुसतं इंजिन नेऊन काय करू? गाडी वळती ती इंजिनानं न्हाई, तिच्या बैठकीनं. मागल्या साली दिनकररावांना इचारलं, की एवढी चिकटून कशी वळती. त्यांनी समदं सांगितलं, स्प्रिंगा, तेल, चाकांचा कल. घरी जाऊन तसं केलं तर माझी गाडी उलटली. माझं इंजिन अडीचचं हाय, हे मी त्यांना सांगितलंच न्हाई आन् त्यांनी इचारलं बी न्हाई."

"तुमची हत्यारं कुठायत?"

त्यानं खांद्यावरची पिशवी उघडली. पान्यांचा, एलन चाव्यांचा पुरा संच, फडक्यात गुंडाळलेला. कुंकवाचा कण नाही.

"एक सांगा. इंजिन काढायचं तर आधी काय करता?"

"टाकी रिकामी करतो. न्हाई तर नळी सुटली की समदं अंगावर. हे तर कुणीबी सांगंल."

हरिओम बसायलाच तयार नव्हता. त्याच्या काखेत एक खोका होता आणि खोक्यात त्याचं लाडकं अडीच सीसीचं इंजिन. "मी म्हणतो, रडत काय बसायचं? हे बसवू, शर्यत मारू."

"म्हणजे दोनचं गेलं ते तुमच्या फायद्याचंच झालं," धम्मशीला म्हणाली.

हरिओमचा भोंगा एकदम बंद पडला. त्याला हे सुचलंच नव्हतं. "वहिनी, आईची आण! मला हे बसवायचंय, पण असं न्हाई. मामानं व्हय म्हणावं म्हणून दोन महिने मागं लागलोय." त्यानं खिशातून आपली चावी काढून टेबलावर आपटली. "बघा, माझी बी चावी बघा!"

चावी काळी, तेलकट आणि लाल रंगापासून साफ मुक्त होती.

"टाकी रिकामी न करता इंजिन काढाल का तुमी?"

"मला काय येड लागलंय?"

"सकाळी तुमीच म्हणलात, ज्याला येतं त्यानंच काढलं. मग गाडीखालचं ते निळं तळं कुणाचं?"

हरिओमनं जमिनीकडं पाहिलं, सिद्धोधनकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण माघार घ्यायला त्याला अजून थोडा वेळ हवा होता, आणि घड्याळात पावणेतीन झाले होते.

दिनकरराव दारात येऊन उभे राहिले. उन्हातून आल्यामुळं त्यांच्या मानेवरून घाम निथळत होता. त्यांनी सवयीनं खांद्यावर हात नेला, तिथं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी बाहीनंच मान पुसली.

"काका," धम्मशीला म्हणाली, "तुमचं उपरणं कुठाय?"

५

ती त्यांना वजनकाट्याच्या खोलीत घेऊन गेली. बरोबर फक्त मालनबाई आणि सिद्धोधन. दार तिनं लोटून घेतलं.

"मी बावीस वर्षं लॅबमधी हाय, काका," तिनं सुरुवात केली. "ज्यानं फोडलेलं नसतं तो पोरगा आरडाओरडा करतो, दुसऱ्याचं नाव घेतो, हरिओमसारखा. ज्यानं फोडलेलं असतं तो छताकडं बघतो. सकाळपासून तुमी कुणाचंच नाव घेतलं न्हाई."

दिनकररावांनी छताकडं पाहिलं आणि घाईनं नजर खाली आणली.

मग तिनं पूजेतल्या एका उघड्या डब्याकडं बोट दाखवलं. गाडीबरोबर आलेला चाव्यांचा संच होता तो, चार वर्षांत कधी डब्याबाहेर न पडलेला. सात चाव्या, प्रत्येकीच्या टोकाला मालनबाईंचा कुंकवाचा टिळा. सहा टिळे जसेच्या तसे. सातव्या चावीचं टोक मात्र पुसट लाल आणि वर निळ्या तेलाचा तवंग.

"स्क्रू ह्या चावीनं सोडवले, म्हणून त्यांच्या डोक्यात कुंकू हाय. ह्यांच्या कमरेला चावी, चंद्रभानच्या पिशवीत चावी, हरिओमच्या खिशात चावी. पूजेतली चावी उचलायची पाळी कुणावर येईल? ज्याच्याकडं स्वतःची न्हाई त्याच्यावर. आन् टाकी रिकामी करावी लागती हे बी ज्याला माहीत न्हाई त्याच्यावर."

"अगं, मग माझ्याकडं बी चावी न्हाई!" मालनबाई घाबरून म्हणाल्या.

"काकू, तुमी गाडीला हात लावला न्हाई, कारण काकांनी मना केलं होतं. तरी गाडीच्या पोटात हा दाणा आला." तिनं कागदाची पुडी उलगडली. लाल अक्षत. "तुमच्या मागं कुणीतरी गाडीची चोरून पूजा केली. ज्यानं समद्यांसमोर नको म्हणलं त्यालाच चोरून करावी लागती ना?"

खोलीत एरंडेलाचा आणि झेंडूचा वास भरून राहिला होता. दिनकरराव मापाच्या पेटीवर बसले. आवारात ज्यांच्या हाकेला पन्नास हमाल ओ देत, ते दिनकरराव आता शाळकरी पोरासारखे बोटं मोजत होते.

"जीव राहवंना," ते म्हणाले. "समद्या लोखंडाची पूजा आन् हिचीच न्हाई. हरलो तर? म्हणलं चार अक्षता टाकाव्या, कुणाला कळायलंय. टाकल्या. मग म्हणलं, एकदा सुरू करून बघू. दोरी ओढली तर अर्ध्यावर अडकली. पुन्हा ओढली, हलंना. त्याच्या उघड्या तोंडातून तांदूळ आत गेलता."

"मग मला फोन करायचा ना काका!" सिद्धोधन कळवळून म्हणाला. "धा मिन्टांचं काम!"

"काय सांगू तुला? चार वर्षं लोकाला सांगायलोय, गाडी म्या बांधली. आन् इंजिनाचं तोंड कुठलं, ते मला अक्षता टाकल्यावर कळलं." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "म्हणलं लपवून ठेवू, शर्यत रद्द व्हईल, उद्या गुपचूप परभणीला नेऊन उघडून आणू. हरिओम असं काही बोलंल हे ध्यानात न्हाई आलं. म्या तुला चोर म्हणलो न्हाई, सिद्धोधन. शपथ."

"म्हणला न्हाईत," धम्मशीला म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, कारण सकाळपासून दाबून धरलेला संताप तिला आवरेना. "पण न्हाई बी म्हणला न्हाईत. ह्यांनी तुमच्याकडं बघितलं आन् तुमी पत्रे मोजत बसलात. उद्या हे विहारात पंगतीला वाढणार हायत, काका. चोरीचा आळ दहा जणांसमोर पडला. तो उचलायचा बी दहा जणांसमोर."

मग तिनं पदर खोचला. "काकू, तो झेंडूचा ढीग तुमीच बाजूला करा. एकेका मापावर एकेक फूल वाहिलं म्हणालात. ती समदी फुलं तिथं गेलीत. पूजा उद्यापर्यंत कुणी हलवणार न्हाई, यापेक्षा चांगली तिजोरी कोणती?"

मालनबाईंनी देवाची क्षमा मागितली आणि फुलं बाजूला सारली. खाली निळ्या डागांचं पांढरं उपरणं होतं, आणि उपरण्यात मुठीएवढं इंजिन.

"गधडे कुठले!" मालनबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं काही म्हणाल्या होत्या, आणि नंतर त्यांनी ते परतही घेतलं नाही.

६

सिद्धोधननं मागचं झाकण उघडलं तेव्हा आतून तांदळाचं लाल पीठ निघालं. त्यानं इंजिन धुतलं, पुसलं, पिस्टनवर कुठं ओरखडा आहे का ते उन्हात धरून पाहिलं, एरंडेलाचे दोन थेंब सोडले. फिल्टर बसवला. तिसऱ्या दोरीला इंजिन असं किंचाळलं की मालनबाईंनी कानात बोटं घातली आणि हसल्या. चार वाजायला सात मिनिटं होती.

दिनकररावांनी लाउडस्पीकर हातात घेतला. आवारात आता शंभरएक माणसं होती, गंगाखेडची निम्मी.

"इंजिन सापडलं हाय," ते म्हणाले आणि थांबले. लाउडस्पीकर शिट्टी मारत राहिला. धम्मशीला समोरच उभी होती आणि ती मुळीच हलत नव्हती. "ते म्याच काढलं होतं. म्याच बिघडवलं, म्याच लपवलं. सिद्धोधनवर शक आला तवा म्या गप बसलो, ती माझी चूक. त्याची मी माफी मागतो. आन् ही गाडी म्या बांधलेली न्हाई. चार वर्षं त्यानं बांधली, नाव मी लावलं. आज रिमोट त्याच्या हातात राहील."

हरिओमनं सर्वांत आधी टाळी वाजवली. मग सिद्धोधनजवळ जाऊन त्यानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

शर्यत वीस फेऱ्यांची. चंद्रभानची मोठ्या इंजिनाची निळी गाडी सरळ रस्त्यावर पुढं जायची आणि वळणावर शेपूट हलवत रुंद फिरायची. लाल गाडी मागून येऊन आतल्या बाजूनं जमिनीला चिकटून निघून जायची. दर फेरीला हेच. एकोणिसाव्या फेरीपर्यंत कोण पुढं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटच्या वळणावर निळीनं घाई केली आणि ती स्वतःभोवती गिरकी घेऊन आवाराच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. लाल गाडी एकटीच आली. कुणीतरी बाई घसा फोडून ओरडत होती, आणि ती आपणच आहोत हे धम्मशीलाला जरा उशिरा कळलं.

गर्दी पांगू लागली तसा चंद्रभान आपली गाडी काखेत मारून आला. सवयीनं मागल्या सालासारखाच सरळ दिनकररावांपुढं उभा राहिला.

"मालक, आता खरं सांगा. ती घसरत कामून न्हाई?"

दिनकररावांनी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. हात खांद्यावरच्या उपरण्याकडं गेला, आणि उपरणं तिथं नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

"मला काय इचारता?" ते म्हणाले. "ज्यानं बांधली त्याला इचारा."

चंद्रभान वळला. मागोमाग हरिओम, मग आणखी पाच-सहा जण. सिद्धोधननं गाडी उपडी धरली आणि सांगायला सुरुवात केली. आधी तुमचं इंजिन किती सीसीचं ते सांगा, मग आवारात वळणं किती, मग स्प्रिंगा, शॉकअपमधलं तेल, चाकांचा कल. लोक वाकून बघत होते आणि मधे कुणी बोलत नव्हतं.

धम्मशीलानं ते सकाळी वाटेनं सगळं ऐकलं होतं. ती गर्दीत शिरून पुन्हा पहिल्यापासून ऐकत उभी राहिली.